वर्षाचा माल एकदम उचलावा का?

आपण लिहिता की घरगुती वापराच्या वस्तूंचे आणि लेखनसाहित्याचे आपले दुकान सहा वर्षांपासून चालू आहे, माल दर महिन्याला एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून 30 दिवसांच्या उधारीवर येतो, आणि आता तोच व्यापारी वर्षभराचा माल रोखीने एकदम उचलल्यास 12 टक्के सूट देऊ करतो आहे. त्यासाठी निम्मी रक्कम घरच्या राखीव पुंजीतून आणि निम्मी 14 टक्के व्याजाच्या कर्जातून उभी करावी का, असा आपला प्रश्न आहे. या स्वरूपात हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यामागची संधी पूर्णपणे सोडून देण्याचेही कारण नाही.

आपली वर्षाची खरेदी 100 मानू. सूट धरून ती 88 ला पडेल, म्हणजे 12 वाचतील. माल वर्षभर हळूहळू विकला जाणार असल्याने या 88 पैकी सरासरी निम्मे, म्हणजे 44, दुकानात अडकून राहतील आणि त्यावर 14 टक्क्यांनी सहाच्या थोडे वर व्याज पडेल. घरच्या पुंजीलाही मी मुद्दाम हाच दर लावला आहे, कारण ती मालात गुंतल्यावर अचानक गरज उद्भवली, तर आपल्याला त्याच दराने आणखी कर्ज काढावे लागेल. म्हणजे बाराऐवजी सहाहून थोडे कमीच हाती राहिले, आणि त्यातूनही साठवणुकीची जागा, विमा व तूटफूट यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे.

आता खरी अडचण पाहा. प्रत्येक नग आपल्याला 0.88 ला पडलेला असताना शंभरातले सात नग जरी न विकता राहिले, तरी उरलेला हा सगळा लाभ नाहीसा होतो. कोणता रंग, कोणता आकार, कोणत्या कंपनीची वस्तू चालेल याचा अंदाज पुढच्या महिन्यापुरता आपण उत्तम बांधत असाल; तोच अंदाज अकराव्या महिन्यासाठी आजच बांधून त्यात शंभरातले सातसुद्धा चुकू द्यायचे नाहीत, ही अपेक्षा अनुभवी दुकानदाराकडूनही करता येत नाही. व्यापारी सूट का देतो, याचाही विचार करावा. त्याला रोख हवी असेल किंवा गोदाम मोकळे करायचे असेल, आणि त्यात गैर काहीच नाही. पण माल पडून राहण्याची जी जोखीम आज तो वाहतो, ती त्या दिवसापासून आपल्याकडे येते.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात ओझरती आली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. महिन्याचा माल महिनाभरात विकून 30 दिवसांनी पैसे देता, म्हणजे आज आपले दुकान मुख्यतः व्यापाऱ्याच्या पैशावर चालते. ही सोय सहा वर्षांच्या चोख व्यवहारातून मिळालेली आहे. एक वर्ष रोखीने खरेदी केल्यावर ती तशीच परत मिळेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

यापेक्षा तीन महिन्यांच्या मालावर 6 टक्के सूट मागून पाहा. ती मिळाल्यास वर्षाला 6 वाचतील, सरासरी 12 च्या आसपासच रक्कम अडकेल, व्याज पावणेदोनपेक्षा कमी पडेल आणि सव्वाचारच्या थोडे वर शिल्लक राहील. पूर्ण वर्षाच्या व्यवहारापेक्षा हा लाभ साधारण दीडने कमी आहे, पण एका वेळी बाहेर जाणारी रक्कम 88 ऐवजी साडेतेवीस असेल आणि निवड चुकली तर पुढच्या तिमाहीत ती सुधारता येईल. व्यापारी याला तयार नसेल, तर वर्षाच्या एकूण खरेदीची हमी देऊन दर ठरवून घ्यावा व माल टप्प्याटप्प्याने उचलावा, म्हणजे त्यालाही गिऱ्हाईक टिकल्याची खात्री राहते. न विकलेला माल ठरावीक मुदतीत बदलून मिळण्याची अट घालता आली, तर मी थोड्या कमी सुटीवरही समाधान मानीन.

मोठ्या प्रमाणात घ्यायच्या वस्तूही निवडूनच घ्याव्यात. गेल्या बारा महिन्यांची बिले काढून प्रत्येक वस्तू किती खपली, ते महिनावार मांडा. ज्यांचा खप बाराही महिने जवळपास सारखा आहे, ज्या खराब होत नाहीत आणि ज्यांची नवी आवृत्ती आली म्हणून जुनी मागे पडत नाही, तेवढ्याच तिमाहीने घ्या. बाकीच्या वस्तू आजच्यासारख्या महिन्याला आणि उधारीवरच येऊ द्या.

घरच्या राखीव पुंजीला मात्र यातल्या कोणत्याही पर्यायासाठी हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती आपल्या कुटुंबाच्या सहा महिन्यांच्या खर्चाएवढी असल्याचे आपण लिहिले आहे. विक्री मंदावलेल्या महिन्यात कपाटातला माल देऊन घरभाडे किंवा औषधांचे बिल भागवता येत नाही. तिमाही खरेदीला लागणारी रक्कम दुकानाच्या स्वतःच्या शिल्लकीतून उभी राहत नसेल, तर एक तिमाही थांबून ती साठवावी आणि मगच व्यापाऱ्याशी बोलणी करावीत.