जेवण नऊलाच वाढ

प्रिय बाळा,

तासगावच्या मळ्यात नव्या वर्षाला सगळ्यांना बोलवायचं ठरवलंयस. घरचे आणि पुण्याची मित्रमंडळी धरून बारा माणसं. पहिल्यांदाच सगळं तुझ्या अंगावर आलंय म्हणून विचारलंस, तर सांगते. मी स्वतः घेत नाही, पण घेणाऱ्यांची ताटं पुष्कळ वाढली आहेत.

आधी कॅलेंडर बघ. २०२६ चा ३१ डिसेंबर गुरुवारी आलाय, तोही मार्गशीर्षातला. घरात घट मांडलेला असणार, तुझी आई त्या दिवशी मटणाचं पातेलं चढवू देणार नाही. कार्यक्रम शुक्रवारी, १ जानेवारीला ठेव. तरीही अख्खा महिना पाळणारे दोघं-तिघं निघतातच. त्यांच्यासाठी अख्खा मसूर कर, पातेलं वेगळं, डाव वेगळा. मटणाचा डाव चुकून मसुरात गेला तर तो माणूस तोंडानं काही बोलणार नाही, दही-भात खाऊन उठेल.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं अशा बैठकीत जेवण शेवटी येतं. आठला बाटली उघडायची, मध्ये भडंग आणि खारे शेंगदाणे, आणि बाराला कुणीतरी म्हणणार, "चला, वाढा आता." तोवर रस्सा निवलेला, भाकरी वातड, आणि काय जेवलो हे निम्म्यांना सकाळी आठवत नाही. चांगल्या मटणाची अशी माती झालेली बघवत नाही मला. तू जेवण नऊलाच वाढ. नंतर ज्यांना बसायचंय ते बसू देत.

हे नुसतं माझं टुमणं नाही. दारू जठरातून थोडी आणि लहान आतड्यातून जास्त भिनते. पोटात अन्न असलं की ती पुढं सरकायला वेळ लागतो, चढतेही सावकाश. खारं खाल्लं की तहान लागते आणि हाताशी ग्लासच असतो. म्हणून आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात अळणीची, म्हणजे मसाला न घातलेल्या मटणाच्या पाण्याची, गरम वाटी दे, सोबत उकडलेली अंडी, भाजलेली कलेजी. बाटली त्यानंतर निघू दे. पाण्याचे तांबे मात्र आधीपासून समोर असू देत.

बारा जणांतले नऊ-दहा मटण खाणारे धर. किलोला चार-पाच माणसं होतात, तेव्हा अडीच किलो पुरे. फऱ्याचं आणि चापचं मिसळून घे, नळ्या मागून घे. तेलात कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ घालून मटण परत, वर ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजू दे आणि तेच गरम पाणी आत ओत. शिजल्यावर अळणी काढून ठेव. वाटणाला सुकं खोबरं, कांदा, तीळ, थोडी खसखस, सगळं भाजून. खोबरं करपलं तर रस्सा कडू होतो, मग मीठ-मसाला वाढवून काही उपयोग नाही, ते टाकून नवं भाज. कांदालसूण मसाला जाळ कमी केल्यावर घाल, तो तेलात पटकन जळतो. हे सगळं पाहुणे यायच्या आधी, पाचपर्यंत आटोप. यजमान चुलीपुढं आणि पाहुणे एकमेकांची तोंडं बघत, असला पाहुणचार मला पटत नाही.

भाकरीचं बोलायचं राहिलं. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी गरमच खायची असते, आणि म्हणून कुणीतरी बाई शेवटपर्यंत तव्यापुढं बसते. तुझी आई आणि वहिनी तिथं बसणार असतील तर हे पत्र फाडून टाक. गावात भाकरी करून देणाऱ्या बायका आहेत. पंचवीस-तीस भाकरी साडेआठला आणून द्यायला सांग, पैसे रोख दे, कापडात गुंडाळून टोपलीत ठेव.

न घेणाऱ्यांकडं नीट लक्ष दे. त्यांच्यापुढं कोपऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली ठेवून लोक मोकळे होतात. ऊस दारात आहे, आलं-लिंबू घालून रस काढ, पण ऐनवेळी. ठेवला की काळा पडतो. द्राक्षबागेत मात्र कुणाला घड तोडायला सोडू नको, फवारणी झालेली असते.

ग्लासाचा हिशेब पुण्याच्या पोरांनाही ठाऊक नसतो. "मी फक्त बीअर घेतो" म्हणणाऱ्याला सांग, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग. शरीर तासाला साधारण असा एकच पेग निस्तरतं. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाणी, कशानंही ते लवकर होत नाही. आठला सुरू करून सहा मोठे, म्हणजे ६० मिलीचे, पेग घेतलेला माणूस सकाळी सहाला डेअरीला दूध घालायला निघतो, तेव्हाही पुरता उतरलेला नसतो. आग्रह भाकरीचा कर, ग्लासाचा कुणाला करू नको. कायद्यानं बीअर-वाइनला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळं तुझ्या धाकट्या चुलतभावाला उसाचा रस. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर त्याच्यावर डोळा ठेव. साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, आणि लोक म्हणतात चढली. कुणी ओकायला लागला तर उताणा झोपवू नको, कुशीवर कर आणि एकट्याला सोडू नको. हाक मारून उठेना, श्वास मंदावला, तर थेट १०८ ला फोन.

आणि गाडी. रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमवर अल्कोहोल सापडला की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला पोलिसांपेक्षा भीती उसाच्या ट्रॅक्टरची वाटते. जानेवारीत रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेले असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टरही नसतो, आणि शुद्धीतल्या माणसालाही ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. तेव्हा संध्याकाळीच खोलीत सतरंज्या अंथर, वाकळा काढून ठेव. अंथरूण समोर दिसलं की "निघतो" म्हणणारे कमी होतात.

उरलेला रस्सा चुलीवर तसाच सोडू नको. मोठ्या पातेल्यात तो तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. दोन-तीन छोट्या भांड्यांत काढ आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव. भाताचंही तेच. सकाळी उकळी आणली की सगळं शुद्ध होतं असं नाही, काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.

मटणवाल्याला बुधवारीच सांगून ठेव. गुरुवार उलटल्यावर शुक्रवारी सकाळी तिथं रांग असणार, आणि फऱ्याचं पहिल्या तासातच संपतं.

तुझी,
आत्या