गॅरेज कट्टा : हजाराच्या आत गाडीत काय काय करता येतं?

या वेळी पत्रं बरीच आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, दुचाकी नवी घ्यायची नाही, आहे तीच जरा सोयीची करायची आणि खर्च हजाराच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यातली पाच निवडलीत.

प्रश्न : माझी शंभर सीसीची जुनी गाडी आहे. मार्केट यार्डातून घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात आणि हेडलाइट इतका मिणमिणता की समोरचा खड्डा दिसत नाही. मित्र म्हणतो अडीचशेचा एलईडी बल्ब टाक, काम होईल. टाकू का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : दादा, एलईडी आत्ताच नको. तुमच्या गाडीत एचएस१ नावाचा ३५/३५ वॅटचा बल्ब असणार. तो हातात घेऊन नीट बघा, आत दोन तारा दिसतील आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते म्हणून डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यात न जाता रस्त्यावर पडतो. मागचा रिफ्लेक्टरसुद्धा तार नेमकी कुठे आहे त्या हिशोबानं बनवलेला असतो. स्वस्त एलईडीत चिप भलत्याच जागी असते, त्यामुळे उजेड सगळीकडे फाकतो, तुम्हाला पांढराशुभ्र दिसतो खरा पण रस्त्यावर कमीच पडतो आणि समोरून येणारा ट्रॅक्टरवाला आंधळा होतो. ६०/५५ चा बल्ब पण टाकू नका, होल्डर वितळतो.

आधी फुकटातली-स्वस्तातली कामं करा. हेडलाइट उघडा, रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल, आत काळपट डाग पडले असतील तर बल्ब कितीही भारी टाका फरक पडत नाही, सरळ नवीन रिफ्लेक्टर काचेसकट घ्या, जुन्या शंभर सीसीचा काही शेकड्यात मिळतो. बल्बचे तिन्ही कान खाचेत नीट बसलेत का बघा, एक जरी वर राहिला तरी फोकस आभाळात जातो. मग अर्थिंगची वायर चॅसीला जिथे बोल्टनं धरलीय तिथला गंज पॉलिश पेपरनं घासून काढा आणि बोल्ट घट्ट करा. जुन्या गाड्यांचा अर्धा आजार या एका बोल्टात असतो हे मी ठामपणे सांगतो.

एवढं करूनही उजेड कमी वाटला तर दोन-तीनशेचा मल्टिमीटर घ्या आणि गाडी चालू ठेवून बल्बच्या पिनेवर व्होल्टेज मोजा. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो, म्हणजे बॅटरीवर साडेबारा आणि बल्बवर सव्वाअकरा मिळत असतील तर तुमचा एक तृतीयांशाच्या आसपास उजेड वायरीत आणि स्विचमध्येच जातोय. यावर उपाय रिले, म्हणजे जुन्या वायरीच्या थोड्याशा करंटवर चालू-बंद होऊन बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारा स्विच. बॅटरीपासून १० अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबर पिनेला, ८७ वरून बल्बला, हेडलाइटची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थिंगला. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले लागतात. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, वायरीच्या टोकाला धातूचं थिंबल दाबून वर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा.

पण थांबा, त्याआधी एक गोष्ट तपासाच. जुन्या शंभर सीसी गाड्यांचा हेडलाइट बऱ्याचदा बॅटरीवर नसतोच, सरळ इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो, म्हणून तर रेस केली की उजेड वाढतो आणि सिग्नलला थांबलं की पडतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून बल्बला लावा, आकडा आला तर तुमचा लाइट एसी आहे, म्हणजे मॅग्नेटवर चालतो, आणि मग बॅटरीवरून रिले टाकायचा नाही कारण त्या गाड्यांचं चार्जिंग तेवढं नसतं, काही दिवसांत बॅटरी बसेल. अशा गाडीला नवा रिफ्लेक्टर, चांगल्या कंपनीचा एचएस१ आणि साफ जोड एवढंच करा.

शेवटी फोकस लावा. भिंतीपासून पाचेक मीटरवर गाडी सरळ उभी करा, सीटवर माणूस बसवा, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारा आणि डिपरची वरची कड त्या खुणेच्या थोडी खाली येईल असं बघून बोल्ट घट्ट करा.

प्रश्न : वडिलांची गाडी मी कॉलेजला चालवते, रोज येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर. कंबर भरून येते आणि मनगट दुखतं. सीट बदलू की हँडल? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : ताई, काही विकत घेण्याआधी पाना घ्या. हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून हँडल जरासं स्वतःकडे फिरवा, मग क्लच-ब्रेकची लिव्हर अशा कोनात आणा की बोटं ठेवल्यावर मनगट सरळ राहील, वर मोडणार नाही. बोल्ट परत घट्ट करा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठली केबल ताणली जातेय का, टाकीला हात लागतोय का. मनगटाचं दुखणं बहुतेक इथंच कमी होईल.

मागच्या शॉकअपला खाली खाचा असतील तर वडिलांनी डबल सीटसाठी त्या कडक करून ठेवलेल्या असू शकतात. एकटीसाठी मऊवर आणा, दोन्ही बाजूंना सारखीच खाच हवी.

सीट मात्र कुशनवाल्याकडेच. जुना फोम दाबून बघा, बोट सरळ पत्र्यापर्यंत जात असेल तर तो मेलाय. वरून बाजारातलं जाळीचं कव्हर चढवून उपयोग नाही. खाली रिबॉन्ड फोमचा (फोमचे तुकडे दाबून बनवलेला, कडक) थर आणि वर मऊ फोम असं सांगा आणि पुढची बाजू दोन्हीकडून जरा निमुळती करून घ्या म्हणजे पाय नीट टेकतील. चकचकीत रेग्झिन घेऊ नका, ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो.

प्रश्न : सर, मला फटाका सायलेन्सर बसवायचाय आणि साडी गार्ड काढून टाकायचाय, लूक मस्त येतो. पिकअप पण वाढतो ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही रे, पिकअप वाढत नाही. इंजिनाला पेट्रोल-हवेचं प्रमाण कंपनीच्या सायलेन्सरच्या हिशोबानं दिलेलं असतं, तो काढून मोकळी नळी लावली की मिश्रण बिघडतं, आवाज मोठा येतो म्हणून जोर वाढल्यासारखा वाटतो इतकंच. गाडी बीएस६ असेल तर धूर साफ करणारा भागही त्या सायलेन्सरबरोबर जातो. आणि त्या आवाजानं रात्री गल्लीतलं तान्हं पोर दचकून उठतं, कुणाच्या घरात आजारी म्हातारं माणूस असतं, हे मला मनापासून खटकतं.

कायद्याचंही ऐक. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. साडी गार्डचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमात स्पष्ट आहे, मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं पाहिजे आणि मागच्याला धरायला हँडल पाहिजे. ओढणी किंवा पदर चाकात गेला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

तुझ्याकडे पैसे आहेत तर नवीन क्लच केबल टाक, चेन डिझेलनं धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल लाव, चेनला मधोमध बोटानं उचलून अडीच-तीन सेंटीमीटर झोल ठेव. गाडी लगेच हलकी वाटेल. टाकीवर रबिंग कंपाउंड मारून पॉलिश कर, आणि मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर टेप लाव, रात्री उठून दिसते.

प्रश्न : डिलिव्हरीचं काम करतो, मोबाइल दुपारीच बंद पडतो. चार्जर बॅटरीला डायरेक्ट जोडू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : डायरेक्ट नको, गाडी उभी असतानाही बॅटरी पीत राहील. चावी ऑन केल्यावरच करंट येतो अशी वायर टेस्टरनं शोधा, ब्रेकलाइटच्या स्विचला येणारी चालते, आणि मध्ये २ अँपिअरचा इनलाइन फ्यूज टाका. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर बॅटरीतून जेमतेम एक अँपिअर ओढतो, गाडीला जड नाही. मोबाइल हँडलला लावत असाल तर रबराचं डँपर असलेला होल्डर घ्या, इंजिनाच्या कंपनानं कॅमेरा खराब होऊ शकतो असं अ‍ॅपलनंच २०२१ मध्ये सांगितलंय.

प्रश्न : पावसात लाल चिखल सगळा इंजिनावर आणि पायावर येतो. काही स्वस्तातला उपाय? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : पंक्चरवाल्याकडून ट्रकची टाकाऊ ट्यूब मागून घ्या. पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला बसेल असा हातभर नाही, वीतभरच तुकडा कापा, खाली किंचित रुंद. मडगार्डला दोन भोकं पाडा, दोन छोटे नटबोल्ट आणि दोन्हीकडून मोठे वायसर, म्हणजे रबर फाटणार नाही. बसवल्यावर एकाला हँडलवर जोर देऊन पुढचा शॉकअप दाबायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून बघा, रबर सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला किंवा चाकाला लागता कामा नये, लागत असेल तर तेवढं कापून टाका. पन्नास-साठ रुपयांत होतं. गणपतीनंतर काढून धुऊन बघा, बोल्ट गंजले असतील तर बदला.