उचल, कोरा बाँड आणि १९७५ चा वटहुकूम

प्रश्न : माझ्या चुलत भावाने निपाणी भागातल्या वीटभट्टीवर ४०,००० रुपये उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) घेतली होती. हंगाम संपला तरी मालकाच्या वहीत ५२,००० बाकी दिसते. कोऱ्या बाँडवर अंगठा घेतलाय आणि बाकी फिटेपर्यंत वहिनी-मुलांना गावी सोडत नाहीत. वेठबिगारीचा जुना वटहुकूम इथे चालतो का? की उरलेले भरून मोकळं व्हावं?

उत्तर : भरू नका. २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आलेल्या त्या वटहुकुमाचाच १९७६ चा कायदा झाला. त्यानुसार वेठबिगारीचं कर्ज बुडीत, बाँड रद्द, आणि असं कर्ज वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

मात्र नुसती उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. उचलीच्या बदल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरी, दुसरीकडे काम करायला बंदी किंवा जाण्यायेण्यावर अटकाव, यांपैकी एक गोष्ट असली तरी पुरे. वहिनींना अडवलंय, तिथेच प्रकरण बसतं. वेठबिगारी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर.

अर्ज चिक्कोडीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (लोक ‘एसी’ म्हणतात) किंवा बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. उचलीची तारीख, रक्कम, हजार विटांचा दर, आठवड्याला किती विटा पडल्या, खर्ची (हंगामात पोटापाण्यासाठी हातावर दिलेले पैसे) किती मिळाली, कोणी कधी अडवलं, सगळं लिहा. मुलांसकट प्रत्येकाचं नाव नि वय घाला, कारण मदत माणशी मिळते. वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर उत्तमच.

घोटाळा होतो तो इथे. पोलीस ठाण्यात ‘देण्याघेण्याचा वाद’ म्हणून बोळवण होते, किंवा मुकादम मध्ये पडून हिशोब मिटवतो आणि कुटुंब रातोरात घरी जातं. सुटका होते, पण मुक्ततेचा दाखला हातात नसतो. तो नसेल तर पुनर्वसनाचे पैसे अडलेच समजा. दाखल्यानंतर ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे. पुढची रक्कम पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, पण ती बहुधा खटल्याच्या निकालावर लटकते. थकलेली मजुरी यात धरत नाहीत. ती वेगळी मागायची.

प्रश्न : अर्ज मराठीत चालेल?

उत्तर : चालतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी कन्नड प्रत जोडा, म्हणजे टेबलावर पडून राहायला निमित्त नको. कन्नडमध्ये वेठबिगारीला ‘जीत’ म्हणतात, सुटकेला ‘बिडुगडे’. दाखल्यावर ‘बिडुगडे’ हा शब्द शोधा, प्रत्येकाचं नाव तपासा, मगच कचेरीतून निघा. पोचपावती न घेता अर्ज देऊ नका.