लघवीच्या पिशवीचा कॅन्सर : तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचे आप्पा ६४ वर्षांचे. चाळीस वर्षं बिडी ओढतात. गेल्या महिन्यात त्यांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ दुर्बिणीनं काढली. डॉक्टर बिडी सोडायला सांगतात, पण आप्पा म्हणतात, "व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग?" निदान बिडीऐवजी तंबाखू मळली तर चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : उपयोग आहे, आणि आत्ताच जास्त आहे. गाठ काढली तरी पिशवीचं अस्तर तेच राहतं आणि हा कॅन्सर परत येण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. धुरातली विषारी द्रव्यं फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. लघवी पिशवीत तासन्‌तास साठते, तेवढा वेळ ती अस्तराला लागून राहतात. बिडीचं पान नीट जळत नाही; ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. तेव्हा बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज सोडून द्या. मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर होतो, त्यामुळे ती बदली मुळीच नको.

निपाणीकडे तंबाखू म्हणजे पीक आणि रोजगारही. शेतात, वखारीत, घरात सगळीकडे ती असताना सोडणं किती जड जातं, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून आप्पांना टोमणे मारू नका. एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी घरातल्या बिड्या बाहेर काढा. तलफ सहसा तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यायला द्या, अंगणात फिरवून आणा. पहिला आठवडा सर्वांत अवघड. निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. ते हळू चावायचं आणि झिणझिण्या आल्या की गालाशी धरून ठेवायचं. सुपारीसारखं सतत चघळलं तर रस पोटात जाऊन उचक्या लागतात, मळमळतं. मग माणूस "मला हे सोसत नाही" म्हणतो आणि पुन्हा बिडीकडे वळतो. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबूनच च्युइंगम घ्यावं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे : १८००-११-२३५६.

प्रश्न : माझ्या पिशवीत दर आठवड्याला एक, असे बीसीजीचे सहा डोस सोडणार आहेत. घरात सहा माणसं, दोन वर्षांचा नातू, संडास एकच. काय पाळावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बीसीजी म्हणजे क्षयाचे दुबळे केलेले, पण जिवंत जंतू; कॅन्सर परत येऊ नये म्हणून ते पिशवीत सोडतात. सगळी खबरदारी त्यासाठी.

डोसाच्या आधी चार तास पाणी-चहा टाळा, नाहीतर पिशवी लवकर भरते आणि औषध दोन तास धरून ठेवता येत नाही. घरी परतताना बसमध्ये लघवी रोखून बसण्याची वेळ येऊ नये, म्हणून ते दोन तास दवाखान्यातच थांबता येईल का, हे आधी विचारून ठेवा. त्या दिवशी ताप असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा जळजळ होत असेल, तर नळी घालण्याआधीच सांगा. डोस पुढे ढकलतात.

डोसानंतरचे सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. शेतात, बांधावर जाऊ नये. लघवी झाल्यावर भांड्यात साधारण दोन कप क्लोरीनचं ब्लीच ओता, १५ ते २० मिनिटं तसंच राहू द्या, मग पाणी सोडा. खिडकी उघडी असावी. फिनेल हे ब्लीच नव्हे. आणि संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. त्यानंतर साबणानं हात धुवा. एवढं केलंत तर नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

पहिल्या लघवीनंतर भरपूर पाणी प्या. एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लघवी आणि थोडी कणकण अपेक्षित असते. पण ताप १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला किंवा थंडी वाजून आली, तर पॅरासिटामॉलवर ढकलू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. शेवटच्या डोसानंतरही किमान आठवडाभर निरोध वापरा.

प्रश्न : गाठ काढल्यावर तिखट, चहा, मटण बंद करायचं का? पाणी किती प्यावं?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : कायमचं बंद काही नाही. जळजळ असेतोवर तिखट, कडक चहा-कॉफी, लिंबू आणि सोडा कमी करा, कारण हे पदार्थ पिशवीला चिडवतात. मटण अधूनमधून चालेल. रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी असू द्या. कोठा साफ राहिला की कुंथावं लागत नाही. दहा-चौदा दिवसांनी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा थोडी लाल होऊ शकते. नेमक्या त्याच दिवसांत बरं वाटतंय म्हणून कुणी उसाची मोळी उचलतं आणि रक्त वाढतं. डॉक्टर परवानगी देईपर्यंत ओझं नको, चालणं हवं. रक्ताच्या गुठळ्या आल्या किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. घरातला तांब्या एकदा मापून घ्या, म्हणजे हिशेब राहतो. लघवी फिकट पिवळी दिसली की पाणी पुरतंय असं समजा. रात्री उठावं लागत असेल तर झोपण्याआधी दोन तास पाणी आवरतं घ्या. आणि तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी ठरली असेल, तर काही त्रास नाही म्हणून ती चुकवू नका : परत आलेली लहान गाठ दुखत नाही, रक्तही दाखवेलच असं नाही.