आजोबांची पेटी उघडताना

पेटी उघडलीस की लगेच तारखेप्रमाणे लावायला बसू नकोस. १९६४ सालची, बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, इस्राएलमधल्या लग्नहक्काच्या लढ्याची पत्रकं आणि घरचा केतुबा (ज्यू लग्नाचा करारनामा) आजोबांनी एकाच पुडक्यात बांधला असेल, तर त्यालाही अर्थ आहे. आधी आहे तसे फोटो काढ. गंजक्या टाचण्या हलकेच सोडव. लॅमिनेशन? अजिबात नको! माझ्या आजीचं एक पत्र मी असंच कायमचं अडकवून बसलोय. देवाचं नाव असलेली फाटकी हिब्रू पानं रद्दीत जात नाहीत, ती पुरतात; वडीलधाऱ्यांना विचार. मराठी पत्रं मात्र इस्राएलमध्ये वाढलेल्या नातवंडांना वाचता येत नाहीत, म्हणून तीच आधी फेकली जातात. मावशीकडून मोठ्याने वाचून घे, रेकॉर्ड कर. पेणकर, नवगावकर म्हटलं की ती गावाचंही सांगू लागेल.