दवाखाना भाजी

चिऊ,

परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, तुमच्याकडच्या सगळ्या भाज्या शेवटी एकाच रंगाच्या का होतात?" ताटात फरसबी होती, डब्यात कालचा कोबी होता, आणि खरं सांगायचं तर दोन्ही तशी एकाच रंगाची दिसत होती. आई हसली. मी "असंच करतात" म्हणालो आणि पोळी मोडत बसलो. रंगाचं मला काही वाटलं नाही. झोंबलं ते "तुमच्याकडच्या". दुसऱ्या दिवशी तू ती जाळीची चाळणी पातेल्यात ठेवून ब्रोकोली वाफवलीस, वर मीठ आणि लिंबू. ती हिरवीगार दिसत होती. मी एकच तुरा खाल्ला आणि "छान आहे" म्हणालो. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, त्यामुळे ते "छान" कितपत खरं होतं ते तुला कळलंच असणार.

"असंच करतात" हे काही उत्तर नव्हे, म्हणून हे लिहितोय. माझं अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरात तुझी आजी भाजी कशी करायची ते आठवून बघतो. कढईत सिंगतेल (शेंगदाण्याचं), मोहरी तडतडली की हिंग, हळद, मग भाजी. दोन मिनिटं परतायची आणि वर ताट झाकायचं. त्या ताटात पेलाभर पाणी. लहानपणी मला वाटायचं, ताट उडू नये म्हणून ते पाणी ठेवतात. पाण्यामुळे ताट खालून गार राहतं, भाजीची वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत कढईतच पडते. भाजी आपल्याच पाण्यात शिजते, खाली लागत नाही. लागायला आलीच, तर ताटातलं तोपर्यंत गरम झालेलं पाणी ओतायचं, गार कधीच नाही. याला तुझी आजी "वाफ आणणे" म्हणायची. "एक दणदणीत वाफ आली की झालं." म्हणजे बघ, आम्हीही वाफवतच होतो. फक्त आधी फोडणी असायची, आणि कढईतलं काही मोरीत ओतून द्यायची पद्धत नव्हती.

हा बचाव मी कालच रचला. तो बराचसा खरा आहे, पण पुरता नाही. कारण ती "एक वाफ" वीस मिनिटं चालायची.

का चालायची, याची कारणं मला आता सुचतात. तेव्हा कुणी सांगितली नव्हती. घरात नऊ माणसं होती. माझ्या आजीच्या तोंडात तीन दात होते आणि कवळी तिला टोचायची, म्हणून ती ताकाच्या वाटीत नाहीतर कोनाड्यात पडलेली असायची (ताकाच्या वाटीवरून एकदा फार मोठा गोंधळ झाला होता, तो बाबूकाकाकडून ऐक). गवार असो, तोंडली असोत, आजीच्या हिरड्यांना पेलेल इतकी शिजली पाहिजेत. ज्याला सगळ्यात कमी दात, त्याच्या मापाने घरची भाजी शिजायची, आणि जो सगळ्यात लहान, त्याच्या मापाने तिखट पडायचं. मधल्या सगळ्यांनी तेच खायचं. शिवाय स्वयंपाक सकाळी एकदाच. माझे आजोबा दहाला जेवून जायचे, आम्ही शाळेतून आलो की दोनला, काका कधी चारला. फ्रिज मी पाचवीत असताना आला. मे महिन्यात बडोद्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, अर्धवट शिजलेली भाजी दुपारपर्यंत आंबायची. संध्याकाळी उरलेली पुन्हा गरम. तोपर्यंत रंग कुठे राहणार? वर हळद होतीच, ती तर सगळ्यांना एकाच रांगेत बसवते.

यात किती खरं आणि किती मागाहून सुचलेलं, ते माझं मलाच सांगता येत नाही. आता तर घरात सगळ्यांचे दात शाबूत आहेत, फ्रिजही आहे. तरी मी फरसबी वीस मिनिटं शिजवतो.

आता माईआजीचं. माझी माईआत्या. तुला ती फोनवर "अभ्यास कसा चाललाय" विचारणारी म्हणूनच माहीत आहे. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना १९५० साली सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. माईआत्या तिथे गेली ती त्यानंतर अठराएक वर्षांनी, आणि पोषणशास्त्र शिकली. नातेवाईक म्हणायचे, पोळ्या लाटायला कॉलेज कशाला? ती प्रयोगशाळेत भाजी उकळून त्या पाण्यात किती क जीवनसत्त्व उतरलं ते मोजायची, आणि घरी येऊन पोळ्याही लाटायची.

मी सहा-सात वर्षांचा असताना ती शाळेत शिकवायला लागली होती आणि घरातच राहायची. रविवारी आजोबांबरोबर खंडेराव मार्केटला जायची. एका रविवारी तिने आणलेली फरसबी आणि गाजरं नुसती वाफवली. आधी मोदकपात्र काढायला गेली, तर माझ्या आजीने काढू दिलं नाही, "ते गणपतीचं भांडं आहे." मग पातेल्यावर चाळणी ठेवून काम भागवलं. वर मीठ, मिरपूड, लिंबू. अगदी तुझ्यासारखंच. आजोबांनी ताटात बघून विचारलं, "अगं, मी काय आजारी आहे का?" तिने समजावून सांगितलं. भाजीच्या हिरव्या रंगात मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि भाजीतलंच आम्ल मिळून ते बाहेर काढतात, की रंग शेवाळी होतो. झाकण घट्ट असलं की ते आम्ल वाफेबरोबर आतच कोंडतं. चिंच-आमसूल आधी घातलं तर आणखी लवकर. सोडा टाकला तर हिरवं राहतं, पण लगदा होतो आणि जीवनसत्त्वंही जातात. आजोबा वकील होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लोणचं मागितलं.

आणि मी म्हणालो, "दवाखाना भाजी!"

सगळे खो-खो हसले. मला फार मोठा विनोद केल्यासारखं वाटलं. आत्याने काही न बोलता वाडगा आपल्याकडे ओढला आणि जवळजवळ सगळी भाजी एकटीने संपवली. पुढे कितीतरी वर्षं कुणाला भाजी आळणी लागली की "दवाखाना" म्हणायचं, असं घरात रूढच झालं. त्या शब्दाचा मालक मी.

गंमत म्हणजे वाफवलेलं आम्ही खात नव्हतो असं मुळीच नाही. शेजारच्या बा दुधीचे मुठिया वाफवून पाठवायच्या, त्यावर तीळ-मोहरीचा वघार, म्हणजे फोडणी. आमच्या अळूवड्या आधी चाळणीत, मग तेलात. कोथिंबीरवडीचंही तेच. ढोकळा तर आहेच. म्हणजे वाफेला आमची ना नव्हती. पण वाफेवर काम अर्धं झालं असं आम्ही धरायचो, उरलेलं अर्धं फोडणीचं. (आणि "भाजी" म्हटलं की बांना फक्त पालेभाजी कळायची, बाकी सगळं "शाक". तुझी आजी आणि त्या एकमेकींना "आज कोणती भाजी?" विचारायच्या आणि उत्तरं भलतीच यायची.)

आत्याने हे ओळखलं असावं. काही आठवड्यांनी फरसबी पुन्हा आली, वाफवलेलीच, पण वर हिंग-मोहरीची फोडणी, ओलं खोबरं, कोथिंबीर. हिरवीगार. आजोबांनी दोनदा घेतली. दवाखान्याचं कुणाला आठवलं नाही. माझ्या आजीला मात्र ती चावली नाही. तिच्यासाठी दोन चमचे भाजी बाजूला काढून तुझी आजी पुन्हा शिजवायची, आणि मग एक दिवस "दोन-दोनदा कोण करत बसणार, गॅसचा बाटलासुद्धा महिनाभर पुरायला हवा" म्हणून ते सगळंच बंद पडलं. कुणी कुणाशी भांडलं नाही. नुसतं बंद पडलं.

इथे कॅनडात, कॅलगरीला आलो तेव्हा पहिला महिनाभर डाळ शिजेना. मी दुकानदाराला नावं ठेवली. मग कळलं की आपण समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंचीवर आहोत आणि इथे पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं. वाफही तेवढीच. बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीला, तिथे पुरे शंभर. मग कुकर घेतला, आणि त्याबरोबर मी भाज्यांनाही थोडा जास्तच वेळ द्यायला लागलो. तो जास्तीचा वेळ तुझ्या आजीच्या वीस मिनिटांवर चढला.

तू तुझी ब्रोकोली तशीच करत जा, हे मी मनापासून म्हणतोय. गवार, सुरण मात्र नको. सुरण कच्चा राहिला तर घसा खाजतो, तिथे माझंच ऐक. आणि गाजरावर थोडं तेल-तूप घालशील तर बरं, त्यातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. हेही माईआजीचंच, माझं नाही. घालायचं नसेल तर राहू दे.

काल तिला फोन केला होता. नात भाज्या वाफवून खाते म्हणून सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. "दवाखाना" म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने विचारलं, "किती मिनिटं?"

"सात-आठ," मी म्हणालो.

"फार होतात. ब्रोकोलीला चार-पाच पुरे. आणि मध्ये एकदा झाकण उघडून वाफ जाऊ देत म्हणावं."

मी कॅलगरीची उंची सांगितली. तिने थोडा विचार केला. "मग सहा. पण अंदाजाने नको, घड्याळ लावून बघायला सांग. पाचला एकदा, सहाला एकदा. देठात सुरी घालून."

रविवारी तिकडे संध्याकाळ असते तेव्हा ती मोकळी असते. किती मिनिटं लागली ते तूच सांगितलंस तर बरं. मी सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही.

बाबा