शहराच्या कडेला घर आणि मध्यावर शाळा

मी शालेय प्रवेशासाठी समुपदेशन करतो. प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आम्ही राहतो त्या भागात नावाजलेली शाळा नाही, तर मुलाला रोज लांब पाठवावे, घर बदलावे, की जवळची शाळा पत्करावी? या प्रश्नातली भीती शाळेची कमी आणि पत्त्याची अधिक असते. त्यासंबंधी एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई, वडील आणि अकरा वर्षांची मुलगी असे तिघे आले होते. वडिलांनी शहरातील चौदा शाळा निकालाच्या क्रमाने लिहून आणल्या होत्या. पहिल्या पाचही शाळा शहराच्या मध्यभागी, दोन रेल्वेमार्ग एकत्र येतात त्या परिसरात होत्या आणि यांचे घर अगदी कडेला होते. दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेत मुलीला प्रवेश मिळण्यासारखा होता, पण एका बाजूचा प्रवास पंच्याऐंशी मिनिटांचा होता. “आम्ही इथे घर घेतले, त्याची किंमत ती मोजणार,” असे आई म्हणाली.

मी वडिलांना विचारले, की या चौदा शाळा एकमेकींशी स्पर्धा करतात असे त्यांना खरोखर वाटते का. प्रश्न त्यांना विचित्र वाटला. परंतु दोन शाळांमध्ये स्पर्धा असते ती एकाच घरातले मूल त्यांपैकी कोणत्याही शाळेत जाऊ शकत असेल तेव्हाच. शहराच्या मध्यावर सगळीकडून गाड्या येतात, म्हणून तिथल्या शाळांकडे मुले जिथून येतात ते परिसर एकमेकांत मिसळतात आणि त्या साऱ्या शहरातून मुले वेचू शकतात; कडेच्या शाळेकडे मात्र जवळपासची मुलेच येतात, मग ती कशीही असोत. त्यामुळे मधल्या शाळेच्या निकालात तिथल्या अध्यापनाचा वाटा किती आणि दारातून आत आलेल्या मुलांचा किती, हे यादीवरून कळत नाही.

वडील हिशेबी स्वभावाचे असल्याने त्यांच्यापुढे अभ्यासांचे दाखले ठेवणे मला योग्य वाटले. बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित शाळांविषयी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोडक्या गुणांनी आत गेलेल्या आणि थोडक्या गुणांनी बाहेर राहिलेल्या मुलांची तुलना केली होती. सोबतची मुले पुष्कळ बदलूनही दोन्ही गटांच्या पुढच्या गुणांत फारसा फरक पडला नव्हता. चिलीमध्ये 1981 पासून सरकारी पैसा पालकांनी निवडलेल्या शाळेकडे जाऊ लागला, हजारावर खासगी शाळा उभ्या राहिल्या आणि मोठ्या शहरांत त्यांचा जोर अधिक होता. पुढे झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात सरासरी शिक्षण सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही, पुढे असलेली मुले एका प्रकारच्या शाळांत आणि बाकीची दुसऱ्या प्रकारच्या शाळांत अशी विभागणी मात्र वाढलेली दिसली.

“म्हणजे शाळेने फरक पडतच नाही?” वडिलांनी विचारले. तसे मी म्हटले नव्हते. शाळांमध्ये फरक असतो आणि कधी मोठाही असतो, पण तो पाहण्यासाठी शाळेत जावे लागते.

घर बदलण्याचा विचार आईचा होता. बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या प्रवेशक्षेत्राच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरे ताडून पाहणाऱ्या 1999 च्या अभ्यासात आढळले होते, की परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक मोजतात. हा भाव गुणांचा आहे, अध्यापनाचा नव्हे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. शिवाय इंग्लंडमध्ये, मागणी जास्त असलेल्या शाळा बहुधा अंतर मोजून प्रवेश देतात तिथे, जवळ राहायला येणारी कुटुंबे वाढली की प्रवेश मिळण्याचे वर्तुळ आकसते आणि काल आत असलेले घर आज बाहेर पडते. घराचा विचार तिथेच मागे पडला.

उरला प्रवास. निर्णयापूर्वी कामाच्या तीन दिवशी शाळेच्या खऱ्या वेळेला मुलीसह जाऊन येण्यास मी सांगितले आणि वडिलांना दिवसाचा ताळेबंद मांडायला लावला. सकाळी सहाला निघायचे तर सव्वापाचला उठणे आले. या वयाच्या मुलांना किमान नऊ तास झोप हवी, म्हणजे रात्री सव्वाआठला अंथरुणावर. तो आकडा लिहिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. पहिल्या दिवशी मुलगी खिडकीची जागा मागत होती, तिसऱ्या दिवशी आईच्या खांद्यावर झोपून गेली, असे त्यांनी नंतर सांगितले.

दरम्यान मुलीनेच एक गोष्ट बोलून दाखवली, जी आम्हा तिघांच्याही ध्यानात आली नव्हती. यादीतली नवव्या क्रमांकाची शाळा रुळांच्या पलीकडे होती. रस्त्याने लांबचा वळसा पडे, पण पादचारी पुलावरून वीस मिनिटांत पोहोचता येई आणि तिची मैत्रीण तसेच जात असे. ‘पलीकडचा भाग’ म्हणून आईवडिलांनी ती शाळा कधी मोजलीच नव्हती. मोठ्या शहरातली अंतरे पुष्कळदा अशी मनात आखलेली असतात, आणि नकाशा घेऊन बसणारा समुपदेशकही त्याला अपवाद नसतो.

त्या शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा, असे मी सुचवले: शिक्षक किती वर्षे टिकतात, मागे पडलेल्या मुलासाठी नेमके काय केले जाते, आणि मधूनच शाळा सोडणारी मुले कोणत्या कारणाने जातात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तिसऱ्याला मुख्याध्यापकांनी बगल दिली. प्रयोगशाळा जेमतेम होती. तरीही प्रवेश तिथेच घेतला गेला.

सहा महिन्यांनी आई भेटली. गणिताचा वर्ग मनासारखा नाही, त्यामुळे वडील संध्याकाळी शिकवतात; हातात वेळ उरतो म्हणूनच ते जमते, असे ती म्हणाली. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होईल तेव्हा लांबच्या शाळेचा प्रश्न पुन्हा उघडायचा असे आम्ही ठरवले आहे, कारण तेव्हा एकटीने गाडी बदलणे तिला जड जाणार नाही. वडिलांनी यादी फेकलेली नाही. फक्त निकालाच्या शेजारी घरापासून लागणाऱ्या मिनिटांचा एक रकाना वाढवला आहे.